टेक्स्चरच्या मालाला (भिंतीवरच्या जाड, खडबडीत रंगाला) घट्टपणा देणारी कुठली सेल्युलोज पावडर?

खानापूरकडच्या पावसात टिकणारं अ‍ॅक्रिलिक टेक्स्चर करायचं तर एचईसी (हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज) घ्या, तेही जंतूंना दाद न देणाऱ्या ग्रेडचं. नाहीतर डब्यातला माल पातळ होऊन वास मारतो. सिमेंटच्या कोरड्या मिश्रणाला एचपीएमसी किंवा एमएचईसी, म्हणजे सेल्युलोज पावडरचेच दुसरे प्रकार.

अ‍ॅक्रिलिकच्या १०० किलो मालाला २०० ते ३०० ग्रॅम एचईसीपासून सुरुवात करा. लवकर न विरघळणारी, प्रक्रिया केलेली पावडर साध्या पाण्यात, मिक्सर फिरत असताना भुरभुरवा. नीट पसरली की मगच अमोनियाचे थेंब घालून पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ८ ते ८.५ वर न्या. आधीच अमोनिया पडला की बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या रोलरखाली फरकटतात.

थर ओघळतोय म्हणून पावडर वाढवत सुटू नका. जास्त झाली की माल उशिरा वाळतो आणि पहिल्याच पावसात भिंतीवर चिकट ओघळ उतरतात.