टाकीत इंधन आहे, तरी इंजिन बंद! शिकाऊ वैमानिकांनो, या चुका टाळा

इंधनाअभावी इंजिन बंद पडलं म्हटलं की टाक्या कोरड्या पडल्या असणार, असंच कुणालाही वाटतं. पण एका पंखातली टाकी रिकामी आणि दुसरीत भरपूर इंधन, अशा अवस्थेतही हलकी विमानं शेतात उतरवावी लागली आहेत. टाकी बदलायची राहून गेली, एवढंच.

सेस्ना १७२ वर शिकून पायपरवर गेलेल्यांनी इथे जास्त जपावं. १७२ मध्ये सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा खटका) 'बोथ'वर, म्हणजे 'दोन्ही'वर, ठेवला की दोन्ही टाक्यांतून इंधन येत राहतं. पायपर वॉरियरमध्ये 'बोथ' नाहीच. डावी किंवा उजवी, एका वेळी एकच. टाकी बदलताना आधी इलेक्ट्रिक पंप चालू करा, मग सिलेक्टर फिरवा, दाब स्थिर आहे हे बघा आणि मगच पंप बंद करा. वेळ लिहून ठेवा. 'लक्षात राहील' म्हणणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

सगळ्यांत घातक खोड म्हणजे रन-अप (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) झाल्यावर, धावपट्टीवर शिरता शिरता टाकी बदलणं. सिलेक्टर खाचेत नीट बसला नाही किंवा त्या टाकीत पाणी असलं, तरी नळीत आणि कार्बुरेटरमध्ये उरलेल्या इंधनावर इंजिन थोडा वेळ झकास चालतं. तेवढ्यात तुम्ही हवेत असता. ज्या टाकीवर टेक-ऑफ करायचा तिच्यावरच रन-अप करा, आणि मग सिलेक्टरला हात लावू नका.

गेजवर विसंबू नका. टाकी उघडा, डिपस्टिक घाला. तीही त्याच मॉडेलची आणि विमान सपाट जागी असताना. हवेत खरं गेज म्हणजे घड्याळ.

आता हिशेब. साध्या टाक्यांच्या सेस्ना १५२ मध्ये २६ अमेरिकन गॅलन मावतात, पण वापरता येतात २४.५. मॅन्युअल गॅलनमध्ये आणि भरणाऱ्याचं मीटर लिटरमध्ये असेल, तर ३.७८५ चा गुणाकार कागदावर करा. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये पौंड आणि किलोची गल्लत झाली, निम्म्याहून कमी इंधन भरलं गेलं आणि इंजिनं बंद पडून विमान तरंगत कॅनडातल्या गिमलीला उतरवावं लागलं. अनुभवी माणसं होती ती. शिवाय मॅन्युअलमधला क्रूझचा खप मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) योग्य तेवढं लीन, म्हणजे त्यातलं इंधन कमी, केल्यावरचा असतो. लीन न करता उडालात तर तो आकडा तुमचा नाही.

इंधनात पाणी आहे का याची तपासणी इंधन भरल्यावर लगेच उरकू नका, पाणी तळाशी बसू द्या. नमुना 'स्वच्छ दिसतोय' म्हणून खूश होऊ नका. नळीभर नुसतं पाणी असलं तरी ते स्वच्छच दिसतं. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं, तो निळा रंग शोधा.

आणि इंजिन खोकलंच तर? आधी विमान ग्लाइडच्या (इंजिनाशिवाय तरंगण्याच्या) वेगावर आणा, मग टाकी बदला, पंप चालू, मिक्श्चर रिच (इंधन जास्त), कार्ब हीट (कार्बुरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा) चालू. हे पाठ असूनही ऐनवेळी हात सिलेक्टरकडे जात नाही, कारण सरावात इन्स्ट्रक्टर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढतो आणि विद्यार्थी लगेच खाली शेत शोधायला लागतो. पुढच्या सरावात सिलेक्टर न फिरवता, पण बोट टेकवून, 'टाकी बदलली' असं मोठ्याने म्हणा.