‘पारवा’ हा रंगशब्द लेखनात कसा वापरावा

‘पारवा’ म्हणजे कबुतर आणि त्याच्या पाठीचा निळसर राखाडी रंगही. त्यामुळे वाक्यात पक्षी उडतो आहे की रंग दिसतो आहे, हे आधी स्पष्ट करावे. ‘राखाडी’त राखेचा कोरडेपणा आहे, तर ‘पारवा’ निळ्याकडे झुकतो. म्हणून जूनमध्ये, पहिल्या सरीपूर्वी, मरीन ड्राइव्हवरून पाहताना समुद्र आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली जाते, तेव्हा ‘पारवे आभाळ’ लिहावे. सिमेंटच्या भिंतीला राखाडीच पुरे. दादरला साडी घेताना ‘पारव्या रंगाची’ असे पूर्ण म्हणावे. शिवाय पारव्याचे घुमणे वाचकाच्या कानात असतेच, म्हणून उदास दुपारीच्या वर्णनात हा शब्द शोभतो. लग्नमांडवात मात्र, माझ्या मते, तो अवघडून उभा राहतो.