म्युनिकहून बर्लिनला जाताना: तास मोजा ते घरापासून

म्युनिकला नवीन आलात की महिन्याभरात कुणीतरी मित्र बर्लिनला बोलावतोच. मग मला फोन येतो, "दादा, विमानाला तास-सव्वा तास दाखवतंय आणि रेल्वेला चार तास. विमानच काढू ना?" बारा वर्षं इथे काढल्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी तुम्ही राहता कुठे ते सांगा.

दोन्ही शहरांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ५०० किलोमीटर. रस्त्याने ते ५८५ च्या आसपास जातं, म्हणजे साधारण मुंबई ते मडगाव. विमान हवेत तासभरच असतं, पण म्युनिकचा विमानतळ शहराबाहेर, फ्रायझिंगच्या बाजूला आहे. मुख्य स्टेशनवरून लोकलने, म्हणजे एस-बानने, पाऊण तास धरा. तिथे दीड तास आधी पोचायचं, सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं. बर्लिनचा विमानतळही शहराच्या आग्नेय टोकाला. उतरून बाहेर पडायचं आणि पुन्हा अर्धा तास गाडीने मुख्य स्टेशन गाठायचं. बेरीज करून बघा, साडेचार तास सहज होतात.

रेल्वेची जलद गाडी, आयसीई स्प्रिंटर, सुमारे चार तासांत म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून थेट बर्लिनच्या मुख्य स्टेशनवर सोडते. पूर्वी याच प्रवासाला सहा तास लागायचे. डिसेंबर २०१७ मध्ये एबेन्सफेल्ड ते एरफुर्ट हा नवा मार्ग सुरू झाला आणि चित्र पालटलं. १०७ किलोमीटरमध्ये २२ बोगदे आणि २९ पूल. कोकण रेल्वेने गावी गेलेल्या माणसाला इथे खिडकी सोडवत नाही. फक्त इथला वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो.

तिकीट लवकर काढा, स्वस्त पडतं. मात्र स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. दुसऱ्या गाडीत चालत नाही. पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, तर ते बंधन सुटतं आणि पुढची गाडी धरता येते. एक तास उशीर झाला तर पाव भाडं परत मिळतं, दोन तास झाला तर अर्धं. हक्काचे पैसे आहेत, मागायला संकोच करू नका. जागेचं आरक्षण वेगळं असतं. आईबाबा सोबत असतील तर ते कराच, शुक्रवारी संध्याकाळी तर नक्कीच. डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, आयसीईला चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

फ्रायझिंगला राहणाऱ्यांचं गणित वेगळं. विमानतळ जवळ, मुख्य स्टेशन लांब. तिकडे बर्लिनमध्ये विमानतळाच्याच बाजूच्या आडलर्सहोफ भागात काम असेल तर विमानच सोयीचं.

आणि विमानाने जाणार असाल तर एस-१ लोकलमध्ये चढताना डबा बघा. ही गाडी नॉयफार्नला तुटते: मागचा भाग विमानतळाला, पुढचा फ्रायझिंगला. माझी बहीण आणि भावजी दोन मोठ्या बॅगा घेऊन पुढच्या डब्यात बसले आणि फ्रायझिंगला उतरले. बहीण फोनवर रडायच्या बेतात होती. फ्रायझिंग स्टेशनवरून ६३५ नंबरची बस विमानतळाला जाते, ती त्यांना मिळाली म्हणून विमान चुकलं नाही. विमानतळाला जाणारी दुसरी लोकल, एस-८, अशी तुटत नाही. सामान जास्त असेल तर तीच धरा.