स्वतःच्या हौसेनं संशोधन करणाऱ्यांना ग्रंथालयातून मदत कशी करायची

विद्यापीठाशी संबंध नाही, गाइड नाही, ग्रँट नाही, नोकरी-घर सांभाळून एकाच विषयाच्या मागे वर्षानुवर्षं लागलेली अशी माणसं काउंटरवर येतात, आणि आपण "त्या रॅकला बघा" म्हणून वाटेला लावलं तर एखादा चांगला अभ्यास तिथेच अडकून पडतो. ग्रंथालयात काम करणाऱ्यांना यात बरंच काही करता येतं.

आधी नीट विचारा. समजा कोणी म्हणालं, दीपगृहांवर पुस्तकं आहेत का, तर लगेच कॅटलॉग उघडू नका. लोक विषय मुद्दाम मोठा करून सांगतात, नेमकं सांगितलं तर समोरचा कंटाळेल असं वाटतं त्यांना. "आत्तापर्यंत काय काय बघून झालंय, आणि गाडी कुठे अडलीय?" एवढं विचारलं की कळतं, त्यांना अमुक एका दीपगृहाची लेन्स कधी बदलली ते हवंय. वही आणली असेल तर बघायला मागा. त्या विषयातलं त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं, ते मोकळेपणानं मान्य करा, आपल्याला येतं ते शोधायचं कसं.

मग शेल्फची गंमत समजावून सांगा, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं एका विषयाची सगळी पुस्तकं एकाच जागी असतात. ड्यूईच्या पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देऊन लावायच्या पद्धतीत, दीपगृहं जलवाहतूक म्हणून ३८७ मध्ये जातात, बांधकाम म्हणून ६२७ मध्ये, आणि लेन्सचं प्रकाशशास्त्र बघायचं तर ५३५, म्हणजे तीन वेगळ्या कपाटांपाशी जावं लागतं. एक पुस्तक सापडलं की त्याच्या कॅटलॉग नोंदीतले विषयशब्द उघडून दाखवा आणि त्यांच्यावर क्लिक करत पुढे जायला शिकवा, ही एक सवय लागली तरी माणूस निम्मा मोकळा होतो.

पुस्तकाच्या पलीकडचं तर आपणच सांगायला हवं. दिवा कधी लागला, कधी बदलला, कधी तात्पुरता बंद होता, हे खलाशांसाठी निघणाऱ्या अधिकृत सूचनांमध्ये, नोटिसेस टू मरिनर्स म्हणतात त्यांत, आणि दिव्यांच्या याद्यांमध्ये मिळतं. हे छापील सरकारी साहित्य कुठे असतं ते ग्रंथपालाला माहीत असतं, हौशी अभ्यासक मात्र वर्षभर कथा-आठवणींतच शोधत बसतो. कुठल्याही विषयाला असे कंटाळवाणे कागद असतातच, वार्षिक अहवाल, टेंडर, नकाशे, जुन्या डिरेक्टऱ्या, आणि खरा माल तिथेच असतो!

जुनं स्कॅन केलेलं साहित्य सर्च करताना एक शब्द टाकून थांबू देऊ नका. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, अक्षरं चुकीची वाचतं, जुनी स्पेलिंग वेगळी असतात, जागेची नावंही बदललेली असतात. कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, काय मिळालं नाही, हे तारखेसकट लिहून ठेवायला सांगा, नाहीतर तेच तेच परत शोधलं जातं.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट, पेवॉल. एका लेखाला भरपूर पैसे मागतात आणि माणूस तिथेच हात टेकतो. अनपेवॉल हे एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये टाकून द्या, लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. जेस्टोर या अभ्यासपूर्ण लेखांच्या ऑनलाइन संग्रहाच्या फुकट अकाउंटवर ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, हे कित्येकांना माहीतच नसतं. तुमच्या ग्रंथालयाच्या डेटाबेस करारात बाहेरच्या वाचकाला आत येऊन वापरायची मुभा आहे का ते एकदा वाचून ठेवा, बऱ्याच करारांत असते आणि काउंटरवरचा माणूस सवयीनं "नाही" म्हणून टाकतो. तरी नाही मिळालं तर लेखकाला चार ओळींचा ईमेल करायला सांगा, बरेच जण आनंदानं पीडीएफ पाठवतात. पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयात असेल तर वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्र कॅटलॉगवर, बघून इंटरलायब्ररी लोनची विनंती टाका, आणि अख्खं पुस्तक येत नसेल तर हव्या त्या प्रकरणाचा स्कॅन मागा, तो लवकर येतो.

संदर्भ सांभाळायला झोटेरो बसवून द्या, फुकट आहे. अभिलेखागारात जायचं असेल तर ग्रंथालयाच्या लेटरहेडवर ओळख करून देणारं पत्र द्या, संस्थेचं नाव नसलेल्या माणसाला तिथे बरेचदा पहिल्याच दारात अडवतात, म्हणून या एका कागदाची किंमत फार असते. लेख छापायची वेळ आली तर ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून द्या, तो कुणालाही मोफत मिळतो, आणि संस्थेच्या जागी सरळ 'स्वतंत्र संशोधक' लिहायला सांगा.

एक मर्यादा मात्र पाळा, त्यांच्यासाठी शोधून देऊ नका, त्यांच्या शेजारी बसून शोधा. गर्दीच्या वेळी काउंटरवर घाईत उरकण्यापेक्षा आठवड्यातला एक शांत तास ठरवून द्या. आणि काम पूर्ण झालं की त्याची एक प्रत मागून घ्या, टाइप केलेली पानं असली तरी चालतील, रीतसर कॅटलॉग करा, विषयशब्द हात सैल सोडून घाला, म्हणजे पुढे कोणी तेच शोधत आलं तर त्याला ती सापडतील.