एकच इंग्लिश शब्द, नाउन पण आणि व्हर्ब पण : या चुका टाळा

मी नोकरी करणाऱ्यांना संध्याकाळी इंग्लिश शिकवते. बॅच बदलते, चुका मात्र त्याच. आणि त्यातल्या निम्म्याअधिक ऑर्डर, रिक्वेस्ट, होल्ड, रेकॉर्ड असल्या शब्दांच्या असतात, जे नाउन म्हणून पण चालतात आणि व्हर्ब म्हणून पण.

पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, "मॅडम, बुक नाउन का व्हर्ब?" वाक्याशिवाय कसं सांगणार? टेबलावर पडलंय तर नाउन, तिकीट काढताय तर व्हर्ब, शब्द तोच, जागा बदलली. म्हणून ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे शंभर शब्दांचे पीडीएफ पाठ करू नका. यादी कधी पुरी होतच नाही, गूगल हे कंपनीचं नाव होतं, २००६ मध्ये ते ऑक्सफर्ड डिक्शनरीत व्हर्ब म्हणून आलं. फाडफाड इंग्लिशची घाई असलेल्यांना यादी हवी असते, वाक्य नको असतं, आणि तिथेच सगळं अडतं.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. "आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह." चांगले शिकलेले लोक असं लिहितात. हे होतं कारण आपण इंग्लिश शब्द मराठीत नाउन म्हणून घेतो आणि पुढे करणे, देणे, मारणे लावतो. कॉल करणे, ऑर्डर देणे, रिक्वेस्ट करणे. "रजेसाठी रिक्वेस्ट केली" हे मराठीत अगदी बरोबर आहे, मग इंग्लिश बोलताना तो 'साठी' फॉर होऊन येतो. इंग्लिशमध्ये तो फॉर नाउनला लागतो, "अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह". व्हर्ब केलंत की फॉर गेला, "आय रिक्वेस्टेड लीव्ह". व्हिजिटचं तसंच, "अ व्हिजिट टू नाशिक" पण "आय व्हिजिटेड नाशिक". "अ‍ॅन आन्सर टू द क्वेश्चन" पण "आन्सर द क्वेश्चन". "अ डिमांड फॉर अ बोनस" पण "दे डिमांडेड अ बोनस". रिप्लायला मात्र दोन्हीकडे टू लागतो, तो वेगळा लक्षात ठेवा. मी वहीत समोरासमोर दोन वाक्यं लिहायला लावते, डावीकडे नाउन, उजवीकडे व्हर्ब. कंटाळवाणं आहे पण दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला असलेला एक मुलगा माझ्याकडे यायचा. क्वालिटीवाल्यांनी त्यांचा माल अडवून ठेवला होता, नंतर सोडला, पण याला ते कळलं नव्हतं म्हणून त्याने शुक्रवारी संध्याकाळी ट्रान्सपोर्टवाल्याला मेल टाकला, "होल्ड शिपमेंट. प्लीज अपडेट." त्याला विचारायचं होतं की होल्डवर असलेल्या शिपमेंटचं काय झालं. समोरच्याने वाचलं, शिपमेंट थांबवा. ट्रक भरायला लागलाच होता, तो बाजूला घेतला, शनिवार-रविवार माल यार्डात पडून, सोमवारी कस्टमरचा फोन थेट प्लांट हेडला. पोरगा रडकुंडीला येऊन मला मोबाइल दाखवत होता, "मॅडम, मी तर फक्त विचारलं होतं."

समोरच्याची काहीच चूक नव्हती. मराठीत थांबव, थांबवलेला, थांबवणं, शेवट बघून कळतं. इंग्लिशमध्ये शब्द तसाच राहतो, म्हणून अ, द, इज, शब्दाच्या शेवटचा ईडी ही बारकी मंडळी सांगतात की हे नाउन आहे का व्हर्ब. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे आपल्याला ते शोभेचं वाटतं आणि घाईत पहिल्यांदा तेच गाळलं जातं. मग उघडा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला की तो सरळ हुकूम होतो. "द शिपमेंट इज ऑन होल्ड. व्हेन विल इट बी रिलीज्ड?" एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? त्रोटक लिहिलं की प्रोफेशनल दिसतं हे कोणी डोक्यात भरवलंय कोण जाणे. ऑर्डर, चेंज, बुक, रिलीज, रिटर्न, शिप, यातल्या कुठल्याही शब्दाने मेलची ओळ सुरू होत असेल तर पाठवायच्या आधी थांबा आणि ती ओळ अनोळखी माणसासारखी वाचा.

उच्चाराचं थोडक्यात. काही शब्दांत नाउनला जोर सुरुवातीला, व्हर्बला शेवटी, रेकॉर्ड ठेवला पण रिकॉर्ड केलं, प्रेझन्ट दिलं पण प्रिझेन्ट केलं, ऑब्जेक्ट ही वस्तू आणि अब्जेक्ट म्हणजे हरकत घेणं. पण हा नियम सापडला म्हणून सगळीकडे लावत सुटू नका, रिपोर्ट, सपोर्ट, कंट्रोल बदलत नाहीत. यूज नाउन असताना शेवटी 'स', व्हर्ब असताना 'झ'.

"ही विल सक्सेस", "आय विल मॅरेज" : हे शब्द फक्त नाउन आहेत, सक्सीड आणि मॅरी वापरा.

"आय लॉस माय फोन" : लॉस नाउन, व्हर्ब लूझ, भूतकाळात लॉस्ट.

"अ‍ॅडव्हाइसेस" : असं काही नसतं, सल्ले कितीही द्या, अ‍ॅडव्हाइसच.

प्रॅक्टिसचं स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीत नाउनला सी, व्हर्बला एस, अमेरिकन पद्धतीत दोन्हीकडे सी. एक पद्धत धरा आणि पूर्ण मेलमध्ये तीच ठेवा.

शंका आली की ऑक्सफर्ड लर्नर्स किंवा केंब्रिजची डिक्शनरी उघडा, तिथे नाउन आणि व्हर्ब वेगवेगळे दिलेले असतात, स्पीकरचं बटण पण दोन्हीला वेगळं. अर्थ बघून लगेच बंद करू नका, खालची उदाहरणाची वाक्यं मोठ्याने वाचा, फॉर लागतो का टू लागतो का काहीच लागत नाही ते तिथेच कळतं.