एनक्लेक्सचा फार्मा पाठ करत बसू नका, असा करा

एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्सिंगचं लायसन्स मिळवायची परीक्षा, आणि तिच्यातला फार्मा, म्हणजे औषधांचा भाग, म्हटलं की आपण आधी काय करतो, फ्लॅशकार्डांचा गठ्ठा. दोनशे औषधं, एकेकाचे वीस साइड इफेक्ट, आणि दहाव्या दिवशी मेटोप्रोलोल कुठलं आणि मेट्रोनिडाझोल कुठलं इथेच गाडी अडते. मीपण तेच केलं होतं. नंतर कळलं की परीक्षेत "साइड इफेक्ट सांगा" असं सरळ फार कमी विचारतात, विचारतात असं की डिगॉक्सिनची (हृदयाचं औषध) वेळ झालीये, पेशंटची पल्स ५२ आहे, आता तुम्ही काय करणार?

म्हणून वहीत प्रत्येक औषधापुढे तीनच रकाने करा. द्यायच्या आधी काय बघायचं, कधी द्यायचं नाही, जास्त गेलं तर अँटिडोट, म्हणजे उतारा काय.

डिगॉक्सिनच घ्या. एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलेले ठोके) पूर्ण एक मिनिट मोजायची, मोठ्या माणसाची ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. पोटॅशियमचा रिपोर्ट पण बघायचा, कारण पोटॅशियम कमी झालं की नेहमीचाच डोस टॉक्सिक व्हायला लागतो, आणि त्याच पेशंटला फ्युरोसेमाइड चालू असेल तर ते पोटॅशियम लघवीतून बाहेर काढतंय, म्हणजे प्रश्नाची गोम बहुतेक वेळा तिथेच असते. मळमळतंय, जेवण नको वाटतंय, सगळं पिवळसर दिसतंय असं पेशंट म्हणाला तर "असेल काहीतरी पोटाचं" म्हणून पुढे जाऊ नका.

लिथियमचं (बायपोलर आजारावरचं औषध) गणित सोडियमवर चालतं. रक्तातली लेव्हल साधारण ०.६ ते १.२ mEq/L, दीडच्या वर गेली की धोका. उलट्या-जुलाब झाले, खूप घाम गेला, की शरीरातलं सोडियम कमी होतं आणि किडनी लिथियम धरून ठेवते. हे एकदा डोक्यात बसलं की पाठ करायला उरतं काय?

हेपरिन आणि वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांची अदलाबदल मात्र सगळेच करतात. हेपरिनला तपासणी एपीटीटी आणि अँटिडोट प्रोटामिन, वॉर्फरिनला तपासणी आयएनआर (बहुतेकांना २ ते ३) आणि अँटिडोट व्हिटॅमिन के. मॅग्नेशियम सल्फेट चालू असताना गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास आणि लघवी बघत राहायचं, रिफ्लेक्स गेला की ड्रिप बंद, अँटिडोट कॅल्शियम ग्लुकोनेट. आणि पोटॅशियम आयव्ही पुश (सिरिंजने थेट शिरेत) कधीच नाही, ऑप्शनमध्ये दिसलं की डोळे मिटून काट मारा.

नावांच्या शेपट्या शिका, प्रिल, ओलोल, सार्टन, स्टॅटिन, त्यावरून निम्मे ग्रुप आपोआप सुटतात. प्रिलवाल्यांचा कोरडा खोकला त्रासदायक, पण ओठ-जीभ सुजली तर ती इमर्जन्सी.

कॅल्क्युलेशन रोज दोन-तीन तरी करा. १००० मिली ८ तासांत म्हणजे ताशी १२५, ड्रॉप फॅक्टर (एका मिलीत किती थेंब) १५ असेल तर मिनिटाला ३१ थेंब. सोपं वाटतं, पण घाईत तासांची मिनिटं करायचीच राहून जातात.

आता पेशंट केअर. "आधी कोणाकडे जाल" या प्रश्नात एबीसी (आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण) सगळ्यांना येतं, तरी चुकतं, कारण आपण आजाराचं नाव बघून घाबरतो. सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० टक्के हे त्याच्यासाठी नेहमीचं असू शकतं, पण थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कोणाच्या श्वासाला नव्यानेच घरघर आवाज यायला लागला तर धावत तिकडेच जायचं. अपेक्षित काय आणि नवीन काय, एवढंच शोधा. कामं वाटून देताना असेसमेंट, टीचिंग आणि इव्हॅल्युएशन नर्सिंग असिस्टंटला द्यायचं नाही, स्टेबल पेशंटची अंघोळ, चालवणं, बीपी घेणं चालतं.

पेपर ५ तासांचा, प्रश्न कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५०. कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरवतो, मागे जाता येत नाही, त्यामुळे प्रश्न अवघड यायला लागले म्हणून रडू नका, ते उलट बरं लक्षण असतं. एप्रिल २०२३ पासून केस स्टडी पण आल्यात, एकाच पेशंटवर सहा प्रश्न. "लागू असतील ते सगळे निवडा" मध्ये आता अर्धवट मार्क मिळतात पण चुकीच्या टिकेला मार्क कापले जातात, तर उगाच सगळीकडे टिक मारू नका.

सरावाला रोज शंभर सोडवून पळण्यापेक्षा चाळीस सोडवा आणि प्रत्येकाचं स्पष्टीकरण वाचा, बरोबर आलेल्याचंही, कारण त्यातले काही नुसते अंदाजपंचे लागलेले असतात आणि ते आपल्याला चांगलं माहीत असतं.