शाळेत नाटक शिकवायला निघालेल्यांसाठी

शाळेकडून बोलावणं येतं ते बहुधा दिवाळीनंतर. स्नेहसंमेलन तोंडावर असतं, कुणीतरी संहिता आणून ठेवलेली असते आणि चुणचुणीत आठ-दहा मुलं आधीच निवडलेली असतात. या कामात नव्याने येणाऱ्यांनी इथेच मुख्याध्यापकांशी नीट बोलून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. नाटक बसवणं वेगळं आणि नाटक शिकवणं वेगळं. बसवायला महिना-दीड महिना पुरतो. शिकवायचं तर जूनपासून जोडतासिका हवी. एकट्या तासिकेतला बराच वेळ बाकं सरकवण्यात आणि परत लावण्यात जातो. शिवाय वर्गातली सगळी मुलं हवीत, कधीच हात वर न करणारीसुद्धा.

सुरुवातीचे काही आठवडे संहिता हातात देऊ नका. कागद मिळाला की मुलं पाठांतराच्या चालीत बोलायला लागतात. प्रत्येक वाक्याचं शेपूट वर जातं, ‘आई’ म्हणताना हात छातीवर आणि ‘आकाश’ म्हणताना छताकडे जातो. ही चाल एकदा बसली की तालमीत उतरवता उतरत नाही. त्याऐवजी आधी ऐकायला आणि बघायला लावा. समोरच्याच्या हालचाली जशाच्या तशा करायचा आरशाचा खेळ घ्या. अर्थ नसलेल्या भाषेत भाजीचा भाव करायला सांगा. डोळे मिटून शाळेतले आवाज ओळखायला सांगा.

मला सगळ्यात उपयोगी पडतं ते स्थिर चित्र. पाच-सहा मुलांना जागा सांगायची, उदाहरणार्थ एसटी स्टँड. दहा आकडे मोजेपर्यंत त्यांनी चित्र उभं करायचं आणि गोठायचं. मग मी एकेकाचं नाव घेते, त्याने त्या माणसाच्या मनातलं एक वाक्य बोलायचं. एकदा सहावीच्या वर्गात, एरवी तोंडातून शब्द न काढणारा एक मुलगा कंडक्टर झाला. नसलेल्या दांड्याला कंबर टेकवून त्याने दोन्ही हात मोकळे ठेवले होते, कारण एका हातात पैसे आणि दुसऱ्या हातात तिकिटाचं यंत्र. चालत्या गाडीत कंडक्टर तोल कसा सांभाळतो, हे त्याने कधीतरी नीट पाहून ठेवलं होतं. त्याचं नाव घेतल्यावर तो म्हणाला, ‘सुट्टे द्या म्हटलं की समदे खिडकीतून भायेर बघत्यात.’ वर्ग हसला, पण त्याच्याकडे बघून नव्हे, वाक्याला. पुढे आम्ही रचलेल्या नाटुकल्यात ते वाक्य तसंच ठेवलं.

तसंच म्हणजे ‘समदे’ आणि ‘भायेर’सकट. मुलांची बोली दुरुस्त करत बसू नका. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, घरी जी असेल ती रंगमंचावर येऊ द्या. परीक्षक गुण कापतील या भीतीने शिक्षक सगळ्यांना पुस्तकी मराठीत बोलायला लावतात आणि मुलाच्या अंगातला अर्धा जीव तिथेच जातो. प्रमाण भाषा त्याला इतर सगळ्या तासांना मिळतेच.

दुसरी सवय त्याहून अवघड: करून दाखवायची नाही. आपण स्वतः नट असलो तर मोह फार होतो. तुम्ही एकदा रडून दाखवलंत की पुढच्या तालमीला दहा मुलं तुमच्यासारखी रडतात. त्याऐवजी प्रश्न विचारा. तू आत्ता कुठून आलीस? दार कुणी उघडलं? तुला त्याच्याकडून काय हवंय, आणि तो का देत नाही? चौथ्या-पाचव्या प्रश्नाला मुलीची चाल आपोआप बदलते. तेवढं थांबायचा धीर हेच या कामाचं मुख्य कौशल्य, असं माझं मत आहे.

शिस्त आवाज चढवून येत नाही. टाळीची एक खूण ठरवा आणि तीच कायम वापरा. वेशभूषा बदलायला मुलामुलींच्या वेगळ्या खोल्या हव्यात, तिथे शाळेच्या शिक्षिका हव्यात, आणि कुठल्याही मुलाची एकट्याची तालीम बंद दाराआड घ्यायची नाही. यात सवलत नाही.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी इथे नाट्यशिक्षण मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची मुलांसोबत काम करणारी स्वतंत्र तुकडी 1989 पासून आहे. पण पदवीइतकंच, थोडं जास्तच, शिकाल ते मे महिन्याच्या बालनाट्य शिबिरात सहायक म्हणून उभं राहून. आपली परंपराही बघून ठेवा. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, त्यात राजपुत्र, राक्षस आणि जादू होती. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये पुण्यात रुजली. त्यात मोठे नट लहान मुलांच्या भूमिका करतात आणि विषय घरातले, गल्लीतले असतात. तुमच्या वर्गाला यातलं काय मानवतं ते मुलं पहिल्या महिन्यातच दाखवून देतात. माझा कल ग्रिप्सकडे आहे, पण तिसरी-चौथीला राक्षस नाकारू नये. त्यांना तो मनापासून हवा असतो.

पैशांचं आधी बोला. बहुतेक शाळांत हे काम मानधनावर असतं. तासिकेमागे किती, स्नेहसंमेलनाच्या आधीच्या जादा तालमींचे किती, परीक्षेच्या महिन्यात तास बंद असतील तर काय, हे लेखी घ्या. नेपथ्य आणि रंगभूषेचा खर्च शाळा करणार की पालक, हेही त्यातच येऊ द्या. स्पर्धेत उतरायची शाळेची अपेक्षा असेल तर किती मुलांना घ्यायचं हे तुम्ही ठरवाल, असं स्पष्ट सांगा. मी गर्दीचे प्रवेश लिहून घेते: बाजार, पाण्याचा टँकर, जत्रा. त्यामुळे कुणाला घरी बसवावं लागत नाही.

दुसऱ्याची संहिता घेतलीत तर लेखकाची लेखी परवानगी आणि त्याचं मानधन विसरू नका, शाळेतला प्रयोग असला तरी. बाहेर तिकीट लावून प्रयोग करायचा झाला तर नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मुलांनी स्वतः रचलेलं नाटक असेल तर अर्जासोबत पूर्ण लिहिलेली प्रत द्यावी लागते, म्हणून तालमीत रोज एका मुलाला वही देऊन नवी वाक्यं टिपायला बसवा.